मुदतीचा निवारा

रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाला एक रात्र छताखाली ठेवायला सरकारच्या हिशेबाने साधारण 33 रुपये लागतात. हा आकडा कुठल्या शासन निर्णयात लिहिलेला नाही, पण दोन भागाकार केले की निघतो. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनी 50 माणसांचा निवारा वर्षभर चालवण्याचा खर्च 6 लाख रुपये धरला. आधी 365 ने भागा, मग 50 ने.

तेच 6 लाख महिन्याच्या हिशेबात पाहू. दरमहा हाती 50 हजार. निवारा रात्रंदिवस उघडा ठेवायचा तर एक व्यवस्थापक आणि तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक हवेत. चौघांना दहा-दहा हजारांवर राबवले (एवढ्याच पैशात कोण टिकतो, हे विचारू नका), तर 40 हजार तिथेच गेले. उरलेल्या 10 हजारांत वीजबिल, पाणी, झाडूवाला, फिनेल, चादरी धुणे, पंखा दुरुस्ती आणि एखाद्याला रात्री ताप भरला तर दवाखान्यापर्यंतचा ऑटो. हे गणित कागदावरसुद्धा जमत नाही. तरीही माझी मुख्य तक्रार रकमेबद्दल नाही. रक्कम वाढवता येते. हा पैसा ज्या वाटेने येतो आणि ज्या दिवशी थांबतो, त्यावर माझे म्हणणे आहे.

हे अभियान 24 सप्टेंबर 2013 रोजी सुरू झाले. त्यातला एक घटक शहरी बेघरांसाठी निवारा हा होता. इमारत आणि पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च केंद्र आणि राज्याने मिळून उचलायचा; पुढे हे प्रमाण केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 असे ठरले. पाच वर्षांनंतर काय, तर नगरपालिकेने आपले पाहावे. सुरुवातीला योजना एक लाखावरच्या शहरांना आणि जिल्ह्याच्या ठिकाणांना होती. 2011 च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदची लोकसंख्या 73,046. लाख नाही आणि जिल्ह्याचे ठिकाणही नाही. म्हणजे यवतमाळ आत आणि पुसद बाहेर. 2016 मध्ये अभियानाच्या नावात दीनदयाळ अंत्योदय आले, सगळ्या वैधानिक शहरांना दार उघडले आणि पुसदसारखी गावे कागदोपत्री आत आली. 30 सप्टेंबर 2024 रोजी अभियानाचीच मुदत संपली.

अभियानाची मुदत संपली म्हणून एसटी स्टँडच्या बाकावर झोपणाऱ्याची गरज संपत नाही, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. पण आपली अनुदानपद्धती नेमकी हेच विसरून बांधलेली आहे. निवारा हे तिच्या लेखी एक काम आहे. प्रस्ताव, मंजुरी, पहिला हप्ता, बांधकाम, फोटो, उपयोगिता प्रमाणपत्र, दुसरा हप्ता, पूर्णत्वाचा दाखला. नाली बांधायला ही रीत चालते, कारण नाली एकदा बांधली की काही वर्षे पाणी वाहून नेते. निवाऱ्याचे तसे नसते. तो रोज रात्री नव्याने चालवावा लागतो. त्याचा खरा खर्च विटांमध्ये नसून रात्री दोनला दार उघडणाऱ्या माणसाच्या पगारात आहे. आणि याच पगाराला आपण पाच वर्षांची मुदत घालतो.

सर्वोच्च न्यायालयाने बेघरांच्या प्रकरणात 2016 साली न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली, तेव्हा या पद्धतीची दुसरी बाजूही पुढे आली. राज्यांकडे निधी पोचलेला आणि खर्च न झालेला. एकीकडे पैसा पुरत नाही आणि दुसरीकडे पैसा पडून, हे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण नगरपरिषदेच्या कारभाराशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे त्याला नवल वाटणार नाही. इमारतीसाठी पैसा आहे पण गावठाणात जागा नाही. जागा आहे तर ती गावाबाहेर, डेपोच्या पलीकडे. संस्थेला चालवायला द्यायचे तर निविदेला कोणी येत नाही, कारण बिल कधी निघेल याचा भरवसा नाही. मार्च आला की सगळ्यांची धावपळ, आणि एप्रिलमध्ये पुन्हा शून्यापासून.

आता याच्या शेजारी दुसरे एक अनुदान ठेवून पाहा. नगरपालिकांची जकात 1999 मध्ये गेली आणि तिची भरपाई म्हणून राज्याकडून सहायक अनुदान येऊ लागले. आज लहानमोठ्या नगरपरिषदांचे पगार बऱ्याच अंशी त्याच्यावर निघतात. उशीर होतो, रकमेवरून कुरकुर होते, पण त्यासाठी दरवर्षी ‘आमच्या गावात कर्मचारी आहेत’ असा प्रस्ताव पाठवावा लागत नाही. कर्मचारी आहेत हे सरकारने गृहीत धरले आहे. बेघर आहेत हे मात्र गृहीत धरलेले नाही. ते सर्वेक्षणाने, तेही बाहेरच्या संस्थेकडून करवून घेतलेल्या सर्वेक्षणाने, पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते.

आमच्याकडे कुठे आलेत बाप्पा बेघर, ते मुंबईत, असे तालुक्याच्या गावी सहज म्हटले जाते. मुंबईचा आकडा मोठा आहे यात शंका नाही. 2011 च्या जनगणनेत तिथे सुमारे 57 हजार बेघर मोजले गेले. पण त्याच मोजणीत सबंध महाराष्ट्रात ते 2 लाख 10 हजारांच्या वर होते. म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश मुंबईबाहेर. देशात उत्तर प्रदेशाखालोखाल आपला क्रमांक. ही मोजणी 28 फेब्रुवारी 2011 च्या एका रात्रीत झाली. रस्त्याकडेला, ह्यूम पाइपात, पुलाखाली, देवळाच्या मंडपात, फलाटावर जे सापडले ते लिहिले गेले. फेब्रुवारीअखेर विदर्भात कापसाची शेवटची वेचणी आटोपत आलेली असते, वीटभट्ट्या भरात असतात, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर असतात. त्या रात्री कोण कुठल्या रकान्यात पडला असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

तालुक्याच्या गावचा बेघर महानगरातल्यासारखा दिसत नाही. पदपथावर पिढी काढलेली कुटुंबे इथे क्वचित. इथे असते ती सुनेशी पटेना म्हणून बाहेर पडलेली किंवा काढलेली म्हातारी, जिच्याजवळच्या पिशवीत एक लुगडे, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि गोळ्यांची पाकिटे असतात. मोठ्या दवाखान्यातून सुट्टी झालेला पण परत जायला घर नसलेला रोगी असतो. हॉटेलात भांडी घासणारा आणि शटर पडल्यावर त्याच्याच पायरीवर आडवा होणारा पोऱ्या असतो. डोक्यावर परिणाम झालेला, कुठल्या तरी गाडीने कोणीतरी आणून सोडलेला, स्वतःचे गाव न सांगू शकणारा माणूस असतो. गावाबाहेर पालं ठोकलेली भटकी कुटुंबे असतात, ती तर कुठल्याच वॉर्डाच्या यादीत नसतात. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख मिळतात, पण त्याला आधी स्वतःची जागा लागते. यांच्याजवळ तीच नाही.

अभियानाच्या निकषाने लाख लोकसंख्येमागे 100 जणांची सोय हवी होती. पुसदला हा निकष लावला तर 73 माणसे. माणशी 50 चौरस फूट धरले तर 3,650 चौरस फुटांची एक इमारत. हिशेब बरोबर आणि उपाय चुकीचा. वर मोजलेल्या माणसांपैकी म्हातारीला आणि दारू पिऊन आलेल्या पोऱ्याला एका दालनात ठेवता येत नाही. पालावरचे कुटुंब नवराबायको वेगळे करून झोपायला येत नाही. हॉटेलचा पोऱ्या पहाटे पाचला कामावर हजर लागतो, तो दोन मैलांवर झोपायला जाणार नाही. मनोरुग्णाला निवाऱ्यापेक्षा उपचार आधी हवेत. पुसदसारख्या गावाला दहा-वीस माणसांच्या दोन-तीन जागा हव्यात: एक स्टँडजवळ, एक उपजिल्हा रुग्णालयाजवळ, एक फक्त बायकांची. पण अनुदानाचे एकक होते 50 खाटांचे. त्याहून लहान काही चालवायचे म्हटले की सूचनांतला अपवाद शोधा, वरून मंजुरी आणा. महानगराच्या मापाने कापड कापायचे आणि तालुक्याला घालायचे, मग ‘निवारा रिकामा पडतो, बेघरांनाच यायचे नसते’ असा अहवाल लिहायचा, असे हे चक्र आहे.

याच्यावर उपाय पुसदकरांना परका वाटायला नको. गहुलीचे वसंतराव नाईक 1946 मध्ये पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि 1963 ते 1975 राज्याचे मुख्यमंत्री राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत, 1972 च्या दुष्काळात, रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. कल्पना वि. स. पाग्यांची, प्रयोग तासगाव तालुक्यातला, पण तिला सरकारी तिजोरीचे बळ नाईकांच्या मंत्रिमंडळाने दिले. तिचे मोठेपण खडी फोडण्यात नव्हते. मागेल त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले गेले आणि त्या कर्तव्याच्या मागे ठराविक पैसा उभा केला गेला. 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, त्याचे उत्पन्न हमीकडे वळले, आणि राज्याने आपल्या तिजोरीतून त्यात भर घालायची ठरवली. 1977 चा हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापले जाणारे दोन-चार रुपये खेड्यातल्या मजुराच्या हजेरीपटापर्यंत पोचत होते. पुढे त्या निधीचे आणि त्या हजेरीपटांचे काय काय झाले हा वेगळा आणि फारसा अभिमानास्पद नसलेला इतिहास आहे. पण मूळ रचना पाहा: गरज वाढली की खर्च वाढणार, आणि योजनेला मुदत नाही, कारण कायद्याला मुदत नसते.

त्याच 1977 साली इंग्लंडनेही बेघरांसाठी कायदा केला. नगरपालिकांवर बेघर कुटुंबांना घर मिळवून देण्याची कायदेशीर जबाबदारी आली. सगळ्यांना नाही, लहान मुले, म्हातारे, आजारी अशा अग्रक्रमाच्या लोकांना. 2017 च्या कायद्याने माणूस रस्त्यावर येण्याआधीच मदतीला जाण्याचे बंधनही घातले. या उदाहरणाची काळी बाजू लपवण्यात अर्थ नाही. कर्तव्य कायद्याचे आणि अनुदान तुटपुंजे असे झाल्यावर तिथल्या नगरपालिका तात्पुरत्या राहण्याच्या सोयीवर वर्षाला दोन अब्ज पौंडांहून जास्त खर्च करू लागल्या आणि काही दिवाळखोरीच्या दाराशी पोचल्या. आपल्याकडे याच्या उलट गत. पैसा थोडाफार आला, पण कायदा नाही. कायदा पैशाशिवाय पांगळा आणि पैसा कायद्याशिवाय लहरी. पाग्यांच्या योजनेत निदान कागदावर तरी दोन्ही होते.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो घेणारे लहान लोक नाहीत. 12 फेब्रुवारी 2025 रोजी बेघरांच्याच प्रकरणाची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात चालू असताना न्यायमूर्ती भूषण गवई यांनी मोफत योजनांमुळे परजीवींचा वर्ग तयार होत नाही ना, असा प्रश्न विचारला. महाराष्ट्रात निवडणुकीच्या तोंडावर जाहीर झालेल्या योजनांमुळे शेतीला मजूर मिळेनासे झाल्याचेही ते म्हणाले. गवई अमरावतीचे, म्हणजे आपल्याच मातीतले, पुढे सरन्यायाधीश झाले. मजूर मिळत नाहीत ही ओरड पुसदच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या ओसरीवर ऐकू येते, आणि ती अगदीच खोटी नाही. पण तो प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला गेला. लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळायला बँकेत खाते लागते, रहिवासाचा पुरावा लागतो. स्टँडवरच्या म्हातारीजवळ यातले काहीच धड नाही. जिला काहीच फुकट मिळालेले नाही, तिच्या खटल्यात फुकटेपणाची चर्चा झाली. शिवाय रस्त्यावर झोपणाऱ्यांतले कितीतरी जण दिवसभर राबतात. रात्री सामान आणि मजुरी चोरीला जाऊ नये म्हणून त्यांना दार हवे असते. त्याच सुनावणीत महान्यायवादींनी नवे शहरी दारिद्र्य निर्मूलन अभियान आकार घेत असल्याचे सांगितले, आणि ते येईपर्यंत जुने चालू ठेवणार का, हे न्यायालयाने त्यांना विचारले. दिवसभरातला हाच प्रश्न खरा कामाचा होता.

दुसरा आक्षेप आपल्याकडे अधिक गोड शब्दांत येतो: हे काम संस्थांचे आहे. वऱ्हाडाला तर याचा वारसाच आहे. शेंडगावच्या गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, बेघराला आसरा देणे हा देवधर्म मानला. आजही वझ्झरला शंकरबाबा पापळकर, चिखलीजवळ पळसखेडला पालवे दाम्पत्य, नगरजवळ डॉ. धामणे दाम्पत्य रस्त्यावरच्या माणसांना उचलून आणतात, धुतात, जेवू घालतात. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांनी हजारो मनोरुग्णांना त्यांच्या घरी पोचवले, त्यांना 2018 मध्ये मॅगसेसे मिळाले. यांच्यापुढे हात जोडावेत असेच हे काम आहे. पण हात जोडून झाले की सरकारने मोकळे व्हावे, हे पटत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बेघर आणि निराधार माणसाला उपचार मोफत मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देणे पोलिसांचे काम ठरवले आहे. कायद्याने ज्याचे काम आहे त्याच्यापाशी माणूस नाही, गाडी नाही, ठेवायला जागा नाही. आणि ज्याच्यावर कसलेही बंधन नाही तो संस्थाचालक देणगीच्या पावत्या घेऊन फिरतो. शंकरबाबा तर अठरा वर्षांवरच्या अनाथांनाही संस्थेत राहू द्यावे असा कायदा करा म्हणून वर्षानुवर्षे सांगत आले. संस्थेला जे कळले ते सरकारच्या नियमात अजून आले नाही.

रस्त्यावरच्या माणसाला हटवायचे असेल तेव्हा मात्र आपले कायदे सुस्त नसतात. 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही आहे. दिल्लीत तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यातली मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली. मार्च 2023 मध्ये नागपुरात परदेशी पाहुणे येणार म्हणून पोलिसांनी भीक मागण्यावर बंदीचा आदेश काढला. भिकारी चौकातून दिसेनासे झाले. ते कुठे झोपले, हे कोणत्या फायलीत नसणार.

आणि सरकारला करायचेच असेल तर किती झटपट करता येते, हेही आपण पाहिले आहे. मार्च 2020 च्या टाळेबंदीत यवतमाळ जिल्ह्यातून, पांढरकवड्याच्या महामार्गावरून मजुरांचे जथे चालत निघाले. 28 मार्चला केंद्राने राज्य आपत्ती निधी स्थलांतरित आणि बेघरांच्या राहण्याजेवणावर खर्च करायला परवानगी दिली आणि राज्यभर नगरपालिकांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळा काही दिवसांत निवारे झाल्या. तेव्हा 3,650 चौरस फूट कुणी मोजले नाहीत. खोल्या होत्या, सतरंज्या आल्या, खिचडी शिजली. साथ सरली तसे सतरंज्यांसह सगळे गुंडाळले गेले.

म्हणून मागणी अशी. राज्याने निवाऱ्याचा कायदा करावा आणि त्यात नगरपरिषदेचे कर्तव्य लिहावे. त्यासाठीचे अनुदान सहायक अनुदानासारखे दरमहा, लोकसंख्येच्या सूत्राने, प्रस्तावाशिवाय यावे. ते इमारतीला न बांधता रात्रीच्या माणसाला बांधावे: काळजीवाहक आणि रात्री गावात फिरून माणसे शोधणारा एक जण, दोघांचाही पगार त्यात असावा. दहा माणसांचा निवाराही त्यात बसावा. केंद्राचे नवे अभियान जेव्हा येईल तेव्हा त्याचा पैसा वरचा म्हणून घ्यावा, पायाचा म्हणून नाही. तोवर नगरपरिषदेलाही हात बांधून बसण्याचे कारण नाही. स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर आणि 5 टक्के दुर्बल घटकांवर खर्च करण्याचे बंधन तिच्यावर आहेच. स्टँडवर झोपणाऱ्या म्हातारीहून दुर्बल घटक कोणता? मार्चमध्ये शिलाई यंत्रे वाटून तो आकडा पूर्ण करण्यापेक्षा बायकांसाठी वीस खाटांची एक जागा वर्षभर चालवणे अवघड असले, तरी अशक्य नाही.

घाई करण्याला एक स्थानिक कारणही आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वे पुसदवरून जाणार आहे. वर्धा ते कळंब गाडी फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, पुढचे काम चालू आहे. रेल्वे आली की व्यापार येईल, दवाखान्यांना दूरचे रोगी येतील, आणि फलाट आला की फलाटावर झोपणारेही येतील. स्टेशन झाल्यावर निवाऱ्याची जागा शोधायला निघालो तर ती स्टेशनजवळ मिळणार नाही. आत्ता मिळेल.

राज्यातल्या नगरपरिषदा कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. डिसेंबर 2025 च्या निवडणुकांनंतर लोकांनी निवडून दिलेली माणसे पुन्हा सभागृहात बसली. त्यांच्यापुढे आता अर्थसंकल्प येत राहतील. जनगणनेचा संदर्भ दिवस 1 मार्च 2027 आहे, आणि मागच्यासारखी बेघरांची मोजणी त्याच्या आधल्या रात्री झाली तर पुसदच्या नावापुढे एक आकडा लिहिला जाईल. तो आकडा खरा लिहिला जावा म्हणून मोजणाऱ्यांना स्टँड, रुग्णालयाचा व्हरांडा आणि गावाबाहेरची पालं दाखवणे हे नगरसेवकांचे काम आहे. आणि वाचकांनी आपापल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला एवढेच विचारावे: बेघर निवारा या शीर्षाखाली यंदा अर्थसंकल्पात किती रुपये धरले आहेत? उत्तर शून्य असेल तर ते लेखी मागून घ्यावे.